लॅपटॉपमध्ये चंद्र सरकला तेव्हा

“ताई, लई स्लो झाला हो.”

मेहकरला मी कंप्युटर दुरुस्तीचं दुकान चालवलं, त्या सगळ्या वर्षांत पायरी चढून येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं वाक्य हेच असायचं. कोणी लॅपटॉप फडक्यात गुंडाळून आणायचं, कोणी बाजाराच्या पिशवीत, एकानं तर उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता. टेबलावर ठेवायचा आणि आजारी लेकरू डॉक्टरपुढं ठेवल्यासारखं माझ्या तोंडाकडं बघत उभं राहायचं. मी भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. रोपाला काय झालंय हे रोप तोंडानं सांगत नाही, ते पाहून ओळखावं लागतं, एवढं मी दुकान टाकायच्या आधीच शिकले होते. त्यामुळं घाई करत नसे.

स्लो झालेल्या लॅपटॉपवर सगळ्यांना ठाऊक असलेला एकच उपाय होता, रॅम वाढवणे. रॅम म्हणजे काय, हे मी बायकांना स्वयंपाकघरावरून सांगायची. तुमचं सगळं धान्य, डाळी, मसाले कोठीत असतात, ती हार्ड डिस्क. आणि भाजी करताना लागेल तेवढं तुम्ही काढून ओट्यावर मांडता, तो ओटा म्हणजे रॅम. ओटा लहान असला की एक वस्तू ठेवायला दुसरी उचलावी लागते, हात अडकतात, वेळ जातो. ओटा मोठा केला की काम सुधारतं. पुरुषांनाही हेच सांगायची. त्यांना कळायला थोडा वेळ लागायचा.

पण पुढं लोक ऑनलाइन बघायला लागले आणि नवं खूळ आलं. मोठी रॅम नको, वेगवान पाहिजे. लॅपटॉप जुना, कंपनीनं त्याच्यासाठी ठरवून दिलेला रॅमचा वेग जुना, आणि ही माणसं त्याच्यात दीडपट वेगाची रॅमची पट्टी घालायला निघालेली. मी सांगायची, “भाऊ, पट्टी कितीही चपळ असू द्या, लॅपटॉपची जेवढी चाल तेवढीच ती चालते.” एका शाळेतल्या गुरुजींनी तरी हट्टानं घालून घेतली. दोन आठवड्यांनी पेढे घेऊन आले. म्हणाले, “ताई, विमान झालं विमान.” मी त्यांना स्क्रीनवर दाखवलं की पट्टी जुन्याच वेगानं चालली आहे. त्यांनी चष्मा लावून तो आकडा नीट वाचला आणि म्हणाले, “हे चुकीचं दाखवते.” मी पेढा खाल्ला.

असं माझं सगळं शहाणपण या वेगवान पट्ट्यांच्या बाबतीत तयार होतं. घाला, नुकसान काही नाही, फायदा मनाचा. मग वामनगुरुजींचा लॅपटॉप आला आणि त्या शहाणपणाचं काय करावं ते मला आजपर्यंत नीट कळलेलं नाही.

वामनगुरुजी डोणगावचे. लग्न, वास्तू, सत्यनारायण सगळं करायचे, पण त्यांचं खरं नाव होतं पत्रिकेसाठी. आसपासच्या गावांतून लोक मुला-मुलींच्या पत्रिका जुळवायला त्यांच्याकडं यायचे. आयुष्यभर त्यांनी हे काम पंचांग आणि पाटी घेऊन केलं. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, एका डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही, पंचांगातले बारीक आकडे दिसेनात. पुण्याच्या मुलीनं आपला वापरलेला लॅपटॉप त्यांना दिला, त्यात पत्रिकेचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि अक्षरं मोठी करून दिली. जन्मतारीख, वेळ, गाव टाकलं की पत्रिका समोर. गुरुजी खुशीत होते. मला एकदा म्हणाले, “शोभाताई, देवानं डोळा घेतला अन् हे दिलं. सौदा वाईट नाही.”

त्या उन्हाळ्यात ते जावयानं पाठवलेलं एक छोटं पाकीट घेऊन दुकानात आले.

“जावई म्हणे, हे घातलं की मशीन पळते. तुम्ही घालून द्या.”

पाकिटात रॅमची पट्टी होती. चांगली, नवी, आणि त्यांच्या लॅपटॉपला सांगितलेल्या वेगापेक्षा बरीच वेगवान. मी नेहमीचं सांगितलं. ओटा मोठा होईल, तेवढा फायदा. वेग जुनाच राहील. गुरुजी म्हणाले, “जावयाचं मन राखायचं आहे.” मी पट्टी बसवली, तपासणीचा प्रोग्राम लावला. हा प्रोग्राम रॅमच्या प्रत्येक घरात काहीतरी लिहितो आणि पुन्हा वाचून बघतो, लिहिलं तेच राहिलं का. चूक असली तर स्क्रीनवर लाल रेघ येते. एकही आली नाही. जुनी पट्टी कागदात बांधून त्यांच्या हातात दिली आणि त्यांना डोणगावच्या गाडीत बसवलं.

वैशाखात त्यांचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

“शोभाताई, चंद्र सरकून राह्यला.”

“काय म्हणता गुरुजी?”

“एकाच पोरीची पत्रिका. तारीख तीच, वेळ तीच, गाव तेच. एकदा चंद्र आर्द्रात दाखवते, एकदा मृगात. मी काऊन खोटं सांगीन?”

मी म्हणाले, वेळ टाकताना चूक झाली असेल. ते म्हणाले, चार वेळा टाकून पाहिलं. मी मनात म्हटलं, डोळा. पण तसं बोलले नाही, लॅपटॉप घेऊन या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते आले. मी त्यांच्यासमोर तीच माहिती टाकली. चंद्र मृगात. पुन्हा टाकली, मृगात. सकाळभर तेच करत बसलो, चंद्र हलला नाही. व्हायरस शोधला, सापडला नाही. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. रॅम तपासली, लाल रेघ नाही. गुरुजी माझ्याकडं आणि मी गुरुजींकडं बघत होतो. शेवटी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “माझंच डोकं चाललं नसंल.” एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून ते ऐकून मला फार वाईट वाटलं. पण मशीन तर चांगली होती. मी काय सांगणार होते?

ते घरी गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन. “सरकला.”

आम्हा दुरुस्तीवाल्यांना सगळ्यात जास्त छळतो तो हाच प्रकार. बंद पडलेली मशीन सरळ असते. ती म्हणते, मी बंद आहे. पण दुकानात नीट चालणारी आणि घरी गेल्यावर बिघडणारी मशीन माणसाला स्वतःवर शंका घ्यायला लावते. मला रात्री जेवताना नवरा काहीतरी विचारत होता आणि मी त्याला म्हणाले, “आर्द्रा.” तो उठून पाणी घेऊन आला.

मग गुरुजींनी जे सांगितलं त्यानं प्रकरण हसण्यासारखं राहिलं नाही. पत्रिका कोणाची होती ते त्यांनी तोवर सांगितलं नव्हतं. डोणगावच्या पुढं एका लहान गावात किसनभाऊ म्हणून शेतकरी होते, त्यांची मुलगी सुवर्णा. बी.ए. झालेली, एका खासगी बालवाडीत शिकवणारी. तिची आधी दोन स्थळं पत्रिकेवरून मोडली होती. आता दुसरबीडचा अनिल नावाचा मुलगा, रस्त्यावर त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, त्याच्याशी जमलं. गुरुजींनी दुपारी लॅपटॉपवर पत्रिका जुळवली, उत्तम जुळली, साखरपुडा झाला. आणि नंतर लग्नाचा मुहूर्त काढताना एका सकाळी त्यांनी सहज दोन्ही पत्रिका पुन्हा काढल्या, तर नाडी एकच निघाली.

बाहेरच्या माणसाला सांगते. पत्रिका जुळवताना नवरा-नवरीची नाडी बघतात, ती चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे यावरून ठरते. दोघांची नाडी एकच निघाली तर तो मोठा दोष मानतात. चंद्र आर्द्रात असला तर सुवर्णा आणि अनिलची नाडी वेगळी होती. मृगात असला तर एक.

“बाकी कोणी असतं तर मी काहीतरी शांती करून देतो म्हटलं असतं,” गुरुजी म्हणाले. “पण मुलाची माय पार्वताबाई. तिनं मोठ्या लेकीचं लग्न पत्रिका न पाहता केलं अन् वर्षाच्या आत जावई अपघातात गेला. लेक आता माहेरी आहे. त्या बाईनं माझ्यासमोर पदर पसरून म्हटलं होतं, गुरुजी, यावेळेस नीट पाहा. मी नीट पाहिलं. मशीननं नीट दाखवलं नाही का, ते मले समजून घ्यायचं आहे.”

मी दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि स्कूटी घेऊन डोणगावला गेले.

गुरुजींची पत्रिकेची खोली माडीवर होती. वर पत्रा. जिना चढतानाच गरम हवा अंगावर आली. आत एक चटई, देवाचा फोटो, फिरणारा पंखा, आणि लॅपटॉप खाली गादीच्या एका तुकड्यावर ठेवलेला. मी त्याच्या खाली हात घातला तर तव्यासारखं लागलं. दुपार भरात होती. मी तपासणीचा प्रोग्राम लावला आणि आम्ही दोघं ताक पीत बसलो.

थोड्या वेळानं स्क्रीनवर एक लाल रेघ आली. मग दुसरी. मग त्या भराभर येऊ लागल्या.

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. “गुरुजी, तुमचं डोकं ठीक आहे,” मी म्हणाले. “पट्टी चुकते आहे. माझ्या दुकानात छत स्लॅबचं, कूलर लावलेला. तिथं ती बरोबर होती. इथं उन्हात तापली की लिहिलेलं विसरते.”

“सगळंच विसरते?”

“नाही. लाखांतली एखादी गोष्ट. म्हणून तर मशीन बंद पडत नव्हती.”

त्या एखाद्या गोष्टीत नेमकी सुवर्णाची वेळ की चंद्राचं कोष्टक सापडलं, हे मला सांगता आलं नाही. वेगवान पट्टी जुन्या लॅपटॉपच्या चालीला नीट जुळत नव्हती, थंडीत निभावून नेत होती आणि उन्हात तोल जात होता, असा मी अर्थ लावला. पण खरं सांगायचं तर तीच पट्टी मी नंतर दुसऱ्या एका तसल्याच जुन्या लॅपटॉपमध्ये घातली, भर उन्हात टिनाखाली ठेवून पाहिली, तिथं ती एकदाही चुकली नाही. का, ते मला माहीत नाही. मी दुसऱ्या दुरुस्तीवाल्यांना विचारलं, प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

गुरुजींनी जुनी पट्टी देवाच्या डब्यात जपून ठेवली होती. मी ती परत बसवली. तपासली. तापली तरी लाल रेघ नाही. मग त्यांनी स्वतः सुवर्णाची माहिती बोटानं एकेक अक्षर दाबून टाकली. आम्ही दोघं वाकून बघत होतो.

मृग.

म्हणजे बिघडलेल्या मशीननं लग्न जमवलं होतं आणि दुरुस्त झालेली मशीन ते मोडत होती. माझा सगळा आनंद तिथल्या तिथं विरला. मी दुरुस्तीला आले होते आणि दुरुस्ती झाली होती. तरीही मला ती चुकणारी पट्टी पुन्हा बसवावीशी वाटली, हे मी लपवत नाही.

गुरुजींनी कोपऱ्यातली पेटी उघडून जुनी पंचांगं काढली. सुवर्णाच्या जन्माच्या सालचं शोधायला बराच वेळ लागला. ते म्हणाले, “मशीनचं राहू द्या. तुम्ही आकडे वाचा, मी हिशोब करतो.” मी बारीक अक्षरं वाचून दाखवत गेले, ते डोळे मिटून बोटांच्या पेरांवर मोजत गेले. त्यांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले.

“मृगच. पण अगदी काठावर आहे. थोड्या वेळानं चंद्र आर्द्रात जाते.”

“मग आता?”

“आता किसनभाऊले सांगा लागंल, लग्नपत्रिका छापायच्या थांबा.”

मी म्हणाले, “गुरुजी, न सांगितलं तर? त्या दोघांचं जमलेलं आहे.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रागानं नाही. “त्या बाईनं मले विचारलं होतं, मशीनले नाही.”

निरोप गेला आणि दोन दिवसांनी सुवर्णा माझ्या दुकानात आली. मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. साधा पंजाबी ड्रेस घातलेली, उन्हानं तोंड लाल झालेलं. तिनं पाणी मागितलं, प्यायली, आणि स्टुलावर बसून म्हणाली, “तुम्हीच का त्या ताई, गुरुजीची मशीन दुरुस्त करणाऱ्या?”

मी हो म्हणाले.

“मले समजून सांगा. काय झालं होतं तिले?”

मी तिला ओट्यापासून सगळं सांगितलं. तिनं शाळेतल्या बाईसारखं मधेमधे प्रश्न विचारले. म्हणजे पट्टी फक्त दुपारी चुकायची का? म्हणजे माझी पत्रिका सकाळी पाहिली असती तर साखरपुडाच झाला नसता का? मी म्हणाले, बहुतेक नसता झाला. तिनं टेबलावरचे स्क्रू बोटानं एका ओळीत लावले.

“दोन स्थळं याच्यानंच मोडले,” ती म्हणाली. “तेव्हा मले काही वाटलं नाही, मी त्या पोरांले ओळखत बी नव्हती. पण याच्याशी मी रोज बोलते ताई. याच्या बहिणीशी बोलते. तिनं मले सांगितलं, तू ये, मले घरात कोणीतरी पाहिजे.” मग तिनं वर पाहिलं. “कोणती मशीन खरी होती?”

“आत्ताची.”

“पक्कं?”

“मशीनचं पक्कं सांगू शकते. चंद्र कुठं होता ते ती बरोबर सांगते. त्याच्यावरून तुमचा संसार कसा होईल, ते मला माहीत नाही.”

“मग कोणाले माहीत आहे?”

मी तिला चहा मागवला. तो तिनं अर्धाच घेतला आणि एस.टी. चुकेल म्हणून निघाली. आयुष्यात मी कितीतरी लोकांना उत्तर न देता परत पाठवलं असेल, पण ती पोरगी दारातून जाताना मी दुकानात नुसती उभी राहिले, हे आजही आठवतं.

पुढच्या आठवड्यात किसनभाऊंनी दोन्ही घरची माणसं आपल्याकडं बोलावली. गुरुजींनी मला सोबत नेलं. म्हणाले, “यंत्राचं तुम्ही बोला, बाकी मी बोलतो.” मी त्यांना स्कूटीवर मागं बसवून नेलं. त्यांनी एका हातानं पिशवी आणि दुसऱ्या हातानं सीट घट्ट धरली होती.

घर शेतातच होतं. ओसरीवर सतरंजी टाकलेली. किसनभाऊ, त्यांच्या पत्नी गयाबाई, दुसरबीडहून आलेल्या पार्वताबाई आणि खांबाला टेकून उभा असलेला अनिल. सुवर्णा आत होती, पण दाराच्या चौकटीत तिच्या ओढणीचं टोक दिसत होतं.

मी यंत्राचं सांगितलं. माझं संपल्यावर किसनभाऊ एकदम म्हणाले, “गुरुजी, आम्ही अडाणी माणसं. तुम्ही जुळली म्हटलं, आम्ही साखर वाटली. आता तुम्ही म्हणता, मशीन तापली होती. उद्या आणखी काही तापलं तर पोरीनं काय करावं?”

गुरुजी म्हणाले, “तुमचं बरोबर आहे.” एवढंच. स्वतःची बाजू मांडली नाही.

अनिल म्हणाला, “मले पत्रिका पाहायचीच नाही.”

पार्वताबाईंनी त्याच्याकडं पाहिलं आणि तो गप्प झाला. त्या बाईचा चेहरा मला अजून दिसतो. रागीट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या. एकदा हात पोळलेलं माणूस चुलीजवळ जसं बसतं, तशा अंग चोरून बसल्या होत्या.

मग गुरुजींनी पिशवीतून कागद काढला आणि गयाबाईंना विचारलं, “सुवर्णाची वेळ तुम्ही सात सांगितली होती. संध्याकाळचे सात. ते कोणी पाहिलं होतं?”

गयाबाई गोंधळल्या. “मी तं पडेल होते गुरुजी. घरीच झाली ते. सुईण होती, घड्याळ नव्हतं. सासूनं सांगितलं होतं, सातची गाडी गेली अन् पोरगी झाली. म्हणून सात.”

“सासूबाई?”

“त्या गेल्या. लई दिवस झाले.”

“गाडी कोणती?”

“फाट्यावरून जाये ते एस.टी. तिचा आवाज घरात येये.”

गुरुजींनी कागदाकडं पाहिलं. कुठंतरी मोटार चालू होती तिचा आवाज येत होता. आणि तेव्हा पार्वताबाई बोलल्या, आल्यापासून पहिल्यांदा.

“ते गाडी?” त्या म्हणाल्या. “माझं माहेर याच रस्त्यानं पुढं आहे. मोठीले कडेवर घेऊन मी फाट्यावर त्याच गाडीची वाट पाहत उभी राहायची. ते गाडी कवाच सातले आली नाही.”

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं.

“किती उशीर व्हायचा?” गुरुजींनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता.

“कवा अर्धा घंटा. कवा अंधार पडेपर्यंत. पोरगी रडून रडून खांद्यावर झोपून जाये.” त्या थांबल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्या गाडीवर कोणी वेळ लावली असंल तर ते वेळ खरी नाही गुरुजी. हे मी सांगते तुमाले.”

गुरुजींनी पेन काढलं, कागदावर काहीतरी मांडलं, ओठ हलवले. मला वाटतं त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. “अर्धा घंटा जरी गाडी उशिरा आली असंल,” ते म्हणाले, “तर चंद्र आर्द्रात आहे. नाडी वेगळी.”

“अन् टायमावर आली असंल तर?” किसनभाऊंनी विचारलं. त्या माणसाला आता कशावरच विश्वास ठेवायचा नव्हता, आणि मला ते पटत होतं.

उत्तर पार्वताबाईंनी दिलं. “नाही आली टायमावर. मी उभी होती ना तेथं.”

पार्वताबाई नेमक्या त्याच दिवशी तिथं उभ्या असतील असं नव्हतं. सुवर्णा जन्मली त्या संध्याकाळी त्या कुठं होत्या हे कोणीच विचारलं नाही. त्यांनी उठून आत जाऊन सुवर्णाला बाहेर आणलं, आपल्या शेजारी बसवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. गयाबाई चहा ठेवायला गेल्या. अनिल खांबापासून हलला आणि उगाच बाहेर जाऊन माझ्या स्कूटीला सावलीत लावून आला.

लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. मी गेले होते. त्यांचं बरं चाललं आहे. सगळ्यांचं चालतं तसं, कधी गोड, कधी कुरकुर. अनिलच्या बहिणीनं दुकानाचा हिशोब हातात घेतला आहे आणि तिघंही एकमेकांवर ओरडत सुखात आहेत असं सुवर्णा सांगते. ती पट्टी बिघडली नसती तर हे झालं नसतं, आणि ती बिघडलेलीच राहिली असती तरी झालं असतं. मग माझ्या दुरुस्तीनं नेमकं काय केलं? दुरुस्तीवाल्यांच्या बैठकीत मी हा प्रश्न एकदा विचारला होता. त्यांनी विषय प्रिंटरवर नेला.

पण मला लग्नापेक्षा त्या दिवशीचं परत येणं जास्त आठवतं. किसनभाऊंच्या शेतातून निघालो तेव्हा दिवस कलला होता. गुरुजी मागं बसले, पिशवी मांडीवर घेतली. कच्च्या वाटेनं सावकाश फाट्यावर आलो. तिथं मी गाडी थांबवली. दोन्ही बाजूंना रस्ता मोकळा होता.

मी मागं न वळता विचारलं, “गुरुजी, त्या दिवशी गाडी खरंच उशिरा आली असेल का?”

त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली.

“मी त्या गाडीत नव्हतो,” ते म्हणाले. “तुम्ही होत्या?”

“नाही.”

“मंग चला. ऊन उतरलं.”